मीटर स्वस्त, पट्टी महाग!

आपल्या वस्तीतील दहा घरांची कपाटे उघडून पाहा. दोन-तीन घरांत तरी शुगर तपासण्याची मशीन सापडेल. काळ्या पिशवीत, चेन लावलेली, सेल संपलेली. सहा महिन्यांत तिला कोणी हात लावलेला नसेल. घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, मशीन आहे, गोळ्याही चालू आहेत. पण तपासणी बंद आहे. का बंद आहे, असे विचारले तर उत्तर एकच मिळते, "पट्ट्या संपल्या." या दोन शब्दांत केवढे मोठे अर्थशास्त्र दडलेले आहे, हे समजायला आम्हाला स्वतःला मधुमेह व्हावा लागला.

भारतात मधुमेही किती, याचा आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. १० कोटींहून अधिक! शिवाय मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटींच्या घरात. हा आता बंगल्यातल्या लोकांचा रोग राहिलेला नाही. रिक्षा चालवणारा, बांधकामावर जाणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, कोर्टात टायपिंग करणारा, सगळे त्यात आहेत. म्हणून वर्तमानपत्राच्या या जागेत आज आम्ही एका छोट्या मशीनविषयी लिहिणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरी नुकताच हा रोग निघाला आहे, त्याला तो किरकोळ नाही.

२०२२ च्या अशोक विजयादशमीला नागपूरला एका आरोग्य शिबिरात आम्ही सहज बोट पुढे केले. मुलगी म्हणाली, "सर, २६८ आहे, उद्या लॅबमध्ये तपासा." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १७१ आणि जेवणानंतर २५४. उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेह, एवढे आम्हाला डॉक्टरांनी समजावले. बोटाच्या एका थेंबावर मधुमेहाचे निदान करायचे नसते, ते प्रयोगशाळेतल्या रक्तावर पक्के करून घ्यायचे असते, हेही त्यांनीच सांगितले. मग घाबरून आम्ही न्यायालयाजवळच्या एका मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने नामांकित कंपनीची मशीन दाखवली. ७०० रुपये, सोबत १० पट्ट्या फुकट. "घ्या साहेब, ऑफर आहे." आम्ही घेतली. पक्षकारांना करारनाम्यावर वाचून सही करा असे रोज सांगणारे आम्ही, त्या खोक्यावर काय लिहिले आहे हेही वाचले नाही.

दहा पट्ट्या अडीच दिवसांत संपल्या. नव्या रोगाची भीती माणसाला दिवसातून चारदा बोट टोचायला लावते. पुन्हा दुकानात गेलो तेव्हा ५० पट्ट्यांची डबी ११५० रुपयांना मिळाली. म्हणजे एक पट्टी २३ रुपयांची. दिवसाला चार पट्ट्या म्हणजे ९२ रुपये, महिन्याला २७६०! दीड महिना हा खर्च आम्ही केला आणि नंतर हळूहळू मशीन कपाटात गेली, जुन्या फायलींच्या शेजारी. आम्ही वकील असून ही गत. ज्याला दिवसाला चारशे-पाचशे रुपये मजुरी मिळते, त्याने काय करावे?

बांधवांनो, येथेच या धंद्याचे मर्म आहे. मीटर एकदाच विकत घ्यायचे असते, पट्टी मात्र जन्मभर. म्हणून मीटर स्वस्तात, कधी कधी फुकटही देतात. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मीटरमध्ये चालत नाही, इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत चालेल याचीही हमी नाही. एकदा मीटर घरात शिरले की गिऱ्हाईक बांधले गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराची वही पाहिली होती. मुद्दल थोडे, व्याज अखंड. मीटर हे मुद्दल आणि पट्टी हे व्याज समजावे. व्याजाचा दर विचारल्याशिवाय मुद्दलाला हात लावू नये.

तेव्हा नव्या रुग्णाने दुकानात उभे राहून पहिला प्रश्न "मीटर केवढ्याला?" असा विचारू नये. "५० पट्ट्यांची डबी केवढ्याला?" असा विचारावा आणि तिथेच ५० ने भागावे. आज बाजारात साधारण १० रुपयांपासून २५ रुपयांपर्यंत एक पट्टी पडते. याचा अर्थ असा की ५०० रुपयांचे मीटर आणि २३ रुपयांची पट्टी घेणारा माणूस, ९०० रुपयांचे मीटर आणि १२ रुपयांची पट्टी घेणाऱ्यापेक्षा थोड्याच दिवसांत महागात पडतो. किती दिवसांत? फरक ४०० रुपयांचा आणि दर पट्टीमागे बचत ११ रुपयांची. म्हणजे ३७ पट्ट्यांत हिशेब उलटतो. पहिली डबी संपायच्या आत!

दुसरा प्रश्न, ही पट्टी आपल्या गावात, निदान तालुक्याला बारा महिने मिळते काय? नागपूर-पुण्याहून लेकाने ऑफरमध्ये पाठवलेली मशीन गावाकडे बिनकामाची ठरते ती यामुळेच. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथे मीटर आणि पट्ट्यांची चौकशी अवश्य करावी. तिसरा प्रश्न मुदतीचा. पट्टीच्या डबीवर छापलेली मुदत वेगळी आणि डबी उघडल्यानंतरची मुदत वेगळी असू शकते. काही कंपन्यांची डबी उघडली की तीन महिन्यांत वापरावी लागते, काहींची त्याहून जास्त चालते. आठवड्याला एकच पट्टी वापरणाऱ्याने तीन महिने चालणारी ५० ची डबी घेतली तर पाऊणएक डबी वाया गेली. त्याने २५ ची डबी किंवा प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात असलेला प्रकार घ्यावा. चौथी गोष्ट, म्हाताऱ्या माणसासाठी मोठे अंक दिसणारी, नवीन डबी लावताना कोड टाकावा न लागणारी मशीन बरी. ब्लूटूथ, मोबाईलचे ॲप, रंगीत पडदा, हे सगळे हौसेचे. त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

स्वस्त मीटर चुकीचे दाखवते काय, असे पुष्कळजण विचारतात. खरी गोष्ट अशी की महागडे मीटरही तंतोतंत दाखवत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानेच मीटरला सूट दिलेली आहे. साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांचा आणि १०० किंवा त्याच्या वर असेल तर १५ टक्क्यांचा फरक मान्य, आणि शंभरातले ९५ आकडे या मर्यादेत बसले पाहिजेत. म्हणजे खरी साखर २०० असताना मीटरने १७० किंवा २३० दाखवले तरी ते मानकात बसते. खोक्यावर 'आयएसओ १५१९७:२०१३' असे लिहिलेले आहे का ते पाहावे. उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल ते खोके घेऊ नये. आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना मीटर सोबत न्यावे, त्याच वेळी बोट टोचून आकडा लिहून ठेवावा आणि रिपोर्टशी ताडून पाहावा. जमीन घेताना आपण सातबारा तपासतो, तशीच ही तपासणी. अलीकडे रक्त न काढता साखर सांगणारी मनगटी घड्याळे विकली जातात. त्यांच्या नादी लागू नये. अशा कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

आता तपासणी किती वेळा करायची? येथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. दिवसातून चारदा आकडा पाहून आम्ही करत काहीच नव्हतो. आकडा वाढला की घाबरायचे, कमी झाला की हसायचे. नंतर एका शहाण्या डॉक्टरांनी आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पुरावा गोळा करता आणि युक्तिवाद करत नाही, असे कसे?" त्यांनी आम्हाला जोडीने तपासायला शिकवले. जेवणाआधी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा. आठवड्यातून दोन जोड्या, दर वेळी वेगळे जेवण. भरपूर पोहे खाल्ले त्या सकाळी दोन तासांनी २२४ आले. पुढच्या आठवड्यात पोहे निम्मे केले, सोबत दोन उकडलेली अंडी खाल्ली, तेव्हा १७१. कोर्टातला साखरेचा चहा दिवसाला पाच कप होत असे, तो कशाने सुटला तर एका आकड्याने. या हिशेबाने महिन्याला १६ पट्ट्या लागतात. पट्टी १२ रुपयांची असेल तर १९२ रुपये. कुठे २७६० आणि कुठे १९२! आणि ५० ची डबी तीन महिने पुरते, वायाही जात नाही.

पण हा हिशेब सगळ्यांना लागू नाही, हे बजावून सांगतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याला रोज बोट टोचण्याची सहसा गरज नसते. इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र रोजची तपासणी चुकवून चालत नाही, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. गर्भवती बहिणींचा हिशेब तर आणखी वेगळा. तेव्हा "मला कोणत्या वेळी, आठवड्यातून किती वेळा तपासायचे आणि आकडा किती आला तर काय करायचे?" हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. लिहून मागायला लाजू नये.

आमची थोरली बहीण भंडारा जिल्ह्यात राहते. तिलाही मधुमेह. भाच्याने शहरातून मशीन पाठवली, पण तिची पट्टी तालुक्याला मिळत नसे. म्हणून ताई पट्ट्या सोन्यासारख्या जपून ठेवी. आम्ही रागावलो तर म्हणाली, "एका खेपेला पंचवीस रुपये बोटात टोचू का मी? तेवढ्यात घरच्या सगळ्याइचा चहा होते, भाऊ." गेल्या मे महिन्यात दुपारी तिने गोळी घेतली आणि लग्नघरच्या धावपळीत जेवण राहून गेले. संध्याकाळी घाम फुटला, हात कापू लागले. सुनेने मशीन काढली तर पडद्यावर आकडाच येईना. टिनाच्या छपराखाली तापलेली ती मशीन! बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि मीटरही ठरावीक तापमानापलीकडे आकडा देत नाही. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांचा. सुनेने दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. तेवढ्यात शेजारच्या आशाताई आल्या, त्यांनी आधी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत ताई बोलू लागली.

आशाताईंनी त्या दिवशी जे केले ते प्रत्येक घराने पाठ करून ठेवावे. साखर कमी झाल्याची लक्षणे दिसली, घाम, थरथर, धडधड, गोंधळ, तर मशीनची वाट पाहू नये. आधी साखर द्यावी, मग तपासावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा. ७० च्या खालचा आकडा म्हणजे धोका. पट्ट्या चुलीजवळ, खिडकीत, मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नयेत. त्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून, घरातल्या थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा कापलेल्या बोटाचा थेंब आंब्याची साखर दाखवतो आणि माणूस नसत्या गोळ्या वाढवतो.

आणखी एक गोष्ट, जी पत्रकात छापलेली असते पण कोणी वाचत नाही. अंगात रक्त कमी असेल तर बरीचशी मीटरे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्या किती माता-भगिनींचे हिमोग्लोबिन कमी असते, हे सांगायला आकडेवारी नको. आणि विदर्भात तर सिकलसेलचा प्रश्न आहे. आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे वैद्यकीय अभ्यासांत वेळोवेळी नोंदले गेले आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी हिमोग्लोबिनवरच आधारलेली असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे ही सरासरी खोटी कमी दिसू शकते. रिपोर्ट म्हणतो ठीक आहे आणि रोग आतून पोखरत राहतो. वाहक व्यक्तीच्या बाबतीतही लॅबची पद्धत कोणती यावर बरेच अवलंबून असते. म्हणून घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आणि लॅबला ते आधी सांगावे. अशा माणसासाठी प्रत्यक्ष साखरेची तपासणी ही चैन नसून गरज आहे.

आता कायद्याविषयी. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या व्याख्येत 'औषध' झाली आहेत. छापील किमतीत बारा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही, हा औषधांचा नियम त्यांनाही लागू झाला. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. त्या वेळी या पाच उपकरणांवरचा नफा ३ टक्क्यांपासून ७०९ टक्क्यांपर्यंत असल्याचे शासनाच्याच निवेदनात म्हटले होते. ७०९ टक्के! साथीच्या काळात, लोक मरत असताना! पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि पट्ट्या दोन्हींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा आपल्या दुकानात उतरला काय? जुने बिल आणि नवे बिल शेजारी ठेवून पाहा. बिल घेतच नसाल तर काय पाहणार? छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. मुदत संपलेली पट्टी किंवा बिघडलेले मीटर गळ्यात मारले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. ऐकले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. हे आम्ही वकील असून सांगतो आहोत.

पण सगळा भार रुग्णाच्या खिशावरच का टाकायचा? आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. अत्यावश्यक निदान चाचण्यांची राष्ट्रीय यादी २०१९ साली तयार झाली. गावपातळीवर, उपकेंद्रात ग्लुकोमीटरने साखर तपासली जावी हे त्यात आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी हे राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात एएनएमताई म्हणतात, "मशीन आहे, पट्ट्या आल्या नाहीत." म्हणजे सरकारचेही मीटर कपाटातच! मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. आमच्या उपकेंद्राला गेल्या वर्षी किती पट्ट्या मिळाल्या, किती वापरल्या, किती मुदतबाह्य झाल्या, किती महिने साठा शून्य होता? तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. प्रत्येक तालुक्यातून असा एक अर्ज गेला तर पुढच्या साठ्याची चिंता तुमच्याऐवजी अधिकाऱ्याला लागेल.

आणि आपणही काही करू शकतो. विहारात दर रविवारी वंदनेनंतर तपासणी ठेवली, डबी एकत्र घेतली, तर पट्टी स्वस्त पडते आणि वायाही जात नाही. फक्त एक पथ्य कडक पाळावे. सुई एका माणसाला एकदाच वापरायची. टोचणीचे पेनसुद्धा दोघांत वापरायचे नाही. त्यातून ब आणि क प्रकारची कावीळ पसरते. शिबिरात एकदा वापरून फेकण्याची सुई हवी, मीटर दर वेळी निर्जंतुक द्रावणाने पुसायला हवे आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करून आरोग्य केंद्रात द्यायला हव्यात. घरातल्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या बोटात जाते. ते बोट कोणाचे असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटची वर्षे त्यांनी या रोगाशी झुंजत काढली. त्या काळी घरी रक्त तपासण्याचे साधन नव्हते. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग हिरवा होतो की विटकरी, यावरून अंदाज बांधायचा. घरगुती मीटर पुढे बऱ्याच वर्षांनी आले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि दोन महिन्यांच्या आत ते गेले. जे साधन त्यांच्या हाती नव्हते ते आज आपल्या कपाटात धूळ खात पडले आहे.

आमच्या कपाटातले मीटर आम्ही बाहेर काढले, त्याच्या पट्टीचा भाव पुन्हा काढला आणि ते बदलून टाकले. ताईकडेही आता तालुक्याला पट्टी मिळणारे मीटर आहे. तुम्ही आज एवढेच करा. कपाट उघडा, मशीन बाहेर काढा, डबीवरची तारीख वाचा आणि पट्टीचा भाव ५० ने भागून पाहा.